वाचकांचे प्रश्न : पॅटर्नमधला सांधा घालवायचा कसा?

प्रश्न : एका खडबडीत पृष्ठभागाच्या छायाचित्रातून चौकोनी तुकडा कापून तो मी पार्श्वभूमीवर पॅटर्न म्हणून भरला. प्रत्येक तुकड्याच्या कडेला रेघ दिसते. कडा ब्लर केल्या, तर रेघेऐवजी धुरकट पट्टे दिसू लागले. कडा जुळवण्याची खात्रीची पद्धत कोणती?

उत्तर : ब्लर करताना सॉफ्टवेअरला कडेपलीकडे काय येणार आहे हे ठाऊक नसते. उजव्या कडेला पुढच्या तुकड्याची डावी कडा लागणार असते. फिल्टर मात्र चित्र तिथेच संपले असे धरून दोन्ही कडा वेगवेगळ्या पुसट करतो, आणि त्या जुळत नाहीत त्या नाहीतच. म्हणून सांधा, म्हणजे दोन तुकडे जिथे भिडतात ती रेघ, आधी चित्राच्या मधोमध आणावा आणि डोळ्यांसमोर ठेवून दुरुस्त करावा.

फोटोशॉप या चित्रसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘फिल्टर’ मेनूतील ‘अदर’ या गटात चित्र सरकवणारा ‘ऑफसेट’ आहे. चित्र १०२४ × १०२४ पिक्सेलचे असेल, तर आडव्या व उभ्या दोन्ही रकान्यांत ५१२ लिहून ‘रॅप अराउंड’ निवडावे. उजवीकडून बाहेर गेलेला भाग डावीकडून आत येतो, खालून गेलेला वरून येतो, चारही कोपरे मध्यभागी एकत्र होतात आणि सांधा अधिक-चिन्हासारखा स्पष्ट दिसतो. आता ज्या कडा बाहेर आल्या, त्या मूळ चित्रात एकमेकींना लागूनच होत्या, त्यामुळे त्या आपोआप जुळतात. गिम्प या तशाच मोफत सॉफ्टवेअरमध्ये हीच सोय ‘लेयर’ मेनूतील ‘ट्रान्सफॉर्म’मध्ये आहे, फक्त लेयरचा (चित्राच्या थराचा) आकार चित्राएवढाच आहे ना, हे आधी पाहावे, कारण तिथे लेयर स्वतःच्या हद्दीत फिरतो, चित्राच्या नव्हे.

यानंतर क्लोन स्टॅम्प किंवा हीलिंग ब्रशने, म्हणजे चित्रातल्याच दुसऱ्या जागेचा पोत उचलून लावणाऱ्या साधनांनी, सांधा झाकावा. ब्रश मऊ कडेचा घ्यावा आणि सांध्याच्या रेषेवरून सरळ ओढत न जाता आडवेतिडवे लहान ठिपके द्यावेत, नाहीतर रेघ जाऊन तिच्या जागी पट्टा येतो. बहुतेकांची फसगत होते ती पुढे. अधिक-चिन्हाची चार टोके चित्राच्या बाहेरच्या कडांना भिडलेली असतात. तिथपर्यंत ब्रश नेला की नुकत्याच जुळलेल्या कडा पुन्हा बिघडतात. म्हणून टोकाच्या थोडे अलीकडे थांबावे, दोन्ही दिशांनी २५६ पिक्सेलचा ऑफसेट पुन्हा द्यावा आणि आता आत सरकलेली टोके तेवढी दुरुस्त करावीत. गिम्पमधील ‘टाइल सीमलेस’ हा फिल्टर हे काम एका क्लिकमध्ये करतो खरा. पण तो चित्राची सरकवलेली प्रत मूळ चित्रात मिसळत असल्यामुळे वाळू किंवा ढगांसाठी चालतो, ठळक आकार असतील तिथे भुतासारख्या दुहेरी छटा उमटवतो. मी तो क्वचितच वापरतो.

प्रश्न : सांधा पूर्ण गेला आहे, तरीही पॅटर्न मोठ्या जागेवर पसरला की चौकटी जाणवतात. असे का होते?

उत्तर : याची कारणे दोन असतात आणि सहसा दोन्ही एकत्रच आढळतात. पहिले असमान प्रकाशाचे. छायाचित्र डावीकडे उजळ आणि उजवीकडे किंचित काळसर असेल, तर एका तुकड्यात ते लक्षात येत नाही. तेच तुकडे ओळीने लागले की उजेड-अंधाराच्या लाटा दिसतात. सांध्यावर कितीही मेहनत घेतली तरी हा दोष जात नाही, कारण तो सांध्यात नसतोच. उपाय ऑफसेटच्या आधी करायचा असतो. फोटोशॉपमध्ये चित्राच्या लेयरच्या दोन प्रती कराव्यात. खालच्या प्रतीला ‘ब्लर’ गटातील ‘ॲव्हरेज’ द्यावे, म्हणजे तिथे एकच सरासरी रंग उरेल. वरच्या प्रतीला मोठ्या त्रिज्येचा ‘हाय पास’ (फक्त बारीक तपशील ठेवणारा फिल्टर, ‘अदर’ गटातच) द्यावा, तिचा मोड (खालच्या लेयरमध्ये मिसळण्याची पद्धत) ‘लीनियर लाइट’ करावा आणि ओपॅसिटी (अपारदर्शकता) ५० टक्के ठेवावी. बारीक पोत टिकतो आणि प्रकाशाचा उतार निघून जातो. त्रिज्या फार लहान घेतली, तर मात्र पोतही सपाट होतो.

दुसरे कारण ठळक खुणांचे. एखादा गडद डाग किंवा वेगळ्या आकाराचा खडा दर तुकड्यात त्याच जागी आला, की नजर तो बरोबर पकडते. अशा खुणा निर्दयपणे काढून टाकाव्यात. एरवी छायाचित्रात जे उठून दिसते ते चांगले, इथे तेच नडते. निदान तीन बाय तीन तुकडे पसरून झूम कमी करून पाहिल्याशिवाय तुकडा पक्का समजू नये.

प्रश्न : मी हाताने काढलेल्या फुलापानांचा पॅटर्न करते. रांगा अगदी सरळ दिसतात. एकाआड एक स्तंभ अर्ध्याने खाली सरकवता येईल का?

उत्तर : येईल. फोटोशॉप किंवा गिम्पमध्ये दुप्पट रुंदीचा कॅनव्हास घ्यावा. डाव्या अर्ध्यात तुकडा जसाच्या तसा ठेवावा आणि उजव्या अर्ध्यात त्याचीच, उंचीच्या निम्म्याने उभा ऑफसेट दिलेली प्रत ठेवावी. मात्र एखादे पान डाव्या-उजव्या कडेवरून पलीकडे जात असेल, तर या मांडणीत ते तुटते. अशी पाने दोन्ही अर्धे मांडून झाल्यावरच काढावीत. इलस्ट्रेटर या रेखांकनाच्या सॉफ्टवेअरमध्ये २०१२ च्या सीएस६ आवृत्तीपासून पॅटर्नच्या पर्यायांतच ही मांडणी ‘ब्रिक बाय कॉलम’ या नावाने मिळते. क्रिता या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये डब्ल्यू ही कळ दाबल्यावर चित्र चहूबाजूंना पसरलेले दिसते आणि कडेवरून काढलेली रेघ समोरच्या कडेतून आत येते. हाताने काढणाऱ्यांसाठी याहून सोयीचे काही नाही.

प्रश्न : तयार तुकडा लहान करून जेपेगमध्ये ठेवला, तर कडेला पुन्हा बारीक रेघ आली.

उत्तर : आधी झूम १०० टक्के करून पाहावे, इतर झूमवर दिसणारी रेघ पुष्कळदा केवळ पडद्यावरची असते. ती तिथेही दिसली, तर आकार बदलताना कडेच्या पिक्सेलांना शेजार मिळाला नाही असे समजावे. मूळ तुकडे तीन बाय तीन मांडून ते सगळे एकदम लहान करावेत आणि मधला तुकडा कापून घ्यावा. मात्र या सगळ्या मांडणीची नवी रुंदी आणि उंची तीनने पूर्ण भागल्या जातील अशाच निवडाव्यात. जेपेग चित्र ८ × ८ पिक्सेलच्या ठोकळ्यांत दाबते आणि त्यात कडांचे रंग किंचित बदलतात, तेव्हा फाइल पिक्सेल न बदलणाऱ्या पीएनजी प्रकारातच ठेवावी.