गर्भनिरोधक गोळी, प्रेशर आणि कॅल्शियम

प्रश्न : डॉक्टरबाई, माझं वय ३१, मुलगी तीन वर्षांची. सहा महिन्यांपासून गर्भनिरोधक गोळी घेते. आधी प्रेशर ११६/७४ असायचं, परवा पंचायतीतल्या शिबिरात १३६/८८ निघालं. बाळंतपणाआधी शेवटच्या महिन्यात वाढलं होतं, नंतर आपोआप उतरलं. जाऊबाई म्हणतात, तेव्हा कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या होत्या, तशाच आताही घे. कॅल्शियम खाणाऱ्या बायकांचं प्रेशर गोळीने फारसं वाढत नाही, असं मीही कुठंतरी वाचलं. दूध मला आवडत नाही. काय करू? – एक वाचक, डिचोली

उत्तर : बाळंतपणाआधी प्रेशर वाढलं होतं हे तुम्ही जाता जाता लिहिलंत, पण तुमच्या पत्रात सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे. फोंड्याच्या माझ्या दवाखान्यात गोळी मागायला येणाऱ्या प्रत्येकीला मी हे विचारतेच. अशा बाईला गोळी वर्ज्य नाही, मात्र तिचं प्रेशर वरचेवर मोजायलाच हवं. तुमचं सहा महिन्यांत कुणी मोजलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

गोळीतल्या इस्ट्रोजेनमुळे यकृत अँजिओटेन्सिनोजेन नावाचं प्रथिन जास्त तयार करतं. त्यातून पुढं रक्तवाहिन्या आवळतात आणि मूत्रपिंडं मीठ-पाणी धरून ठेवतात. बहुतेकींचं प्रेशर थोडंच वाढतं, काहींचं मात्र बरंच.

आता कॅल्शियम. जाऊबाईंचं म्हणणं निराधार नाही. आहारात कॅल्शियम कमी असलेल्या गरोदर बायकांना ते दिलं, की प्रेशरचा धोका कमी होतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना त्यांना रोज दीड ते दोन ग्रॅम सुचवते. पण तो इलाज गरोदरपणातला. एरवी कॅल्शियमच्या गोळ्यांनी वरचा आकडा सरासरी एक-दोननेच उतरतो. तुमचा वीसने चढला आहे. म्हणून कॅल्शियमच्या भरवशावर ही गोळी चालू ठेवू नका.

आहारात मात्र कॅल्शियम हवंच, हाडांसाठीही. दिवसाला १००० मिलिग्रॅम लागतं. दूध नको तर दही, ताक घ्या. १०० ग्रॅम नाचण्यात साडेतीनशेच्या आसपास असतं, तेव्हा सकाळी तिजान, म्हणजे नाचण्याची पेज, करा. तांबडी भाजी, तीळ आहेतच. मासे खात असाल तर वेल्ल्यांसारखी बारीक मासळी काट्यांसकट खा, कॅल्शियम काट्यांतच असतं. हुमणातला नारळाचा रस दिसतो दुधासारखा, पण त्यात कॅल्शियम नावापुरतंच. आणि सुकी मासळी, चेपणीची तोरां (मिठात मुरवलेल्या कैऱ्या), लोणचं असं खारट आवरा! एकीकडे ताक प्यायचं आणि दुसरीकडे रोज सुक्या मासळीचं किसमूर, याने प्रेशर उतरायचं नाही.

एका मोजणीवर निर्णय नको. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजा. पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसा, पाय जमिनीवर, हात छातीच्या पातळीवर. अर्धा तास आधी चहा नको. सगळे आकडे वहीत लिहा आणि ती वही घेऊन आठवड्याभरातच डॉक्टरांकडे जा. १४०/९० किंवा त्याहून वर राहिलं तर ही गोळी तुमच्यासाठी नाही. त्याखाली राहिलं तरी तुमच्या जागी मी बदलायलाच सांगेन. कॉपर-टी आहे, आठवड्याची ‘छाया’ गोळी आहे. दोन्हींत इस्ट्रोजेन नाही आणि सरकारी आरोग्य केंद्रात दोन्ही मोफत मिळतात. दुसरा उपाय ठरेपर्यंत निरोध वापरा. गोळी बंद केल्यावर प्रेशर बहुधा काही महिन्यांत पूर्ववत होतं, तेव्हा तीन महिन्यांनी पुन्हा मोजून घ्या.

तंबाखू, सिगारेट किंवा डोळ्यांपुढे चमकून उठणारी अर्धशिशी असेल तर आठवडाभर थांबू नका, उद्याच डॉक्टरांना भेटा. छातीत दुखलं, एकच पोटरी सुजली, अचानक असह्य डोकं दुखलं किंवा दिसेनासं झालं, तर लगेच १०८ ला फोन करा.