जगभरातली लोककला जमवायची आहे. सुरुवात जुन्या वस्तूंपासून करू की आजच्या? आणि जुनं खरं कसं ओळखू?

सुरुवात आजच्या कारागिरांपासून करा, असं मी ठामपणे सांगेन. मी दोन्ही जमवतो, पण हातकाम कसं असतं हे डोळ्यांत बसल्याशिवाय जुन्याची पारख होत नाही.

विक्रेता 'फार जुनं आहे' म्हणाला की आधी तो प्रकार मुळात कधीपासूनचा आहे ते पाहायचं. रशियातली मात्र्योश्का, म्हणजे एकात एक बसणाऱ्या बाहुल्या, १८९०च्या दशकातली. त्यामुळे दोनशे वर्षांपूर्वीची मात्र्योश्का असूच शकत नाही. मेक्सिकोतले आलेब्रिखे, ते पंखवाले रंगीत विचित्र प्राणी, त्याहून अलीकडचे. पेद्रो लिनारेस (१९०६–१९९२) यांनी ते कागद चिकटवून घडवले. मेक्सिकोतल्याच वाहाका राज्यातल्या लाकडी प्राण्यांना ते नाव नंतर मिळालं. 'पुरातन' आलेब्रिखे कोणी दाखवला तर नमस्कार करून पुढे निघा.

मग वस्तू उलटी करा. कापडाच्या बाबतीत तर मी सुलट बाजू शेवटी पाहतो. उझबेकिस्तानच्या जुन्या सुझनीचंच, म्हणजे भरतकाम केलेल्या मोठ्या कापडाचंच घ्या. अरुंद पट्ट्या कच्च्या टाक्यांनी जोडून त्यावर नक्षी आखायची, मग पट्ट्या सुट्या करून घरातल्या वेगवेगळ्या बायकांनी भरायच्या आणि शेवटी पुन्हा शिवायच्या, अशी ती बनत असे. त्यामुळे जोडावर फुलाची एक पाकळी थोडी वर, दुसरी थोडी खाली असते, कधी लाल रंगाची छटाही बदलते. नवख्याला तो दोष वाटतो. मला तर तीच जागा सगळ्यात आवडते. अर्थात नव्या सुझनीतही असे जोड असतात, म्हणून एवढ्यावरून वय ठरवू नका.

पनामातल्या गुना या आदिवासी समाजातल्या बायकांचे मोला हे त्यांच्या पोलक्याचे पुढचे-मागचे भाग. रंगीत कापडांचे थर एकमेकांवर ठेवून, वरचं कापून, कड आत मुडपून बारीक टाक्यांनी शिवायचं. अंगावर वापरलेला मोला पोलक्यातून उसवलेला असतो, तेव्हा कडेला जुन्या शिवणीची भोकं आणि धुऊन आलेला मऊपणा शोधा. विकण्यासाठीच केलेला मोला कोरा असतो. तोही वाईट नाही, फक्त वापरलेला म्हणून घेऊ नका.

मुखवटा आतून पाहा. नाचात वापरलेला असेल तर कपाळ, नाक, गाल टेकतात तिथेच लाकूड घासून काळपट, गुळगुळीत होतं. आतून सगळीकडे सारखाच काळा रंग दिसला तर मला शंका येते. धूर आणि बूट पॉलिश यांनी पुष्कळ मुखवट्यांचं वय वाढवलेलं आहे.

लाकडातून ताजा भुसा पडत असेल तर कीड जिवंत आहे. वस्तू लगेच प्लास्टिकमध्ये बंद करून बाकीच्यांपासून दूर ठेवा. रंग पोपडे धरत असेल तर घरी उपचार न करता जतनतज्ज्ञाला दाखवा. कापड उन्हात टांगू नका, एवढं पुरे.

कायद्याचा भाग कंटाळवाणा, पण टाळता येत नाही. सांस्कृतिक वस्तूंच्या बेकायदा व्यापाराविरुद्ध युनेस्कोचा करार १९७० चा आहे, त्यामुळे ती वस्तू मूळ देशातून कधी आणि कशी बाहेर पडली याचे कागद मागा. हस्तिदंत, कासवाची पाठ, काही पक्ष्यांची पिसं यांना साइट्सचे (CITES, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार) नियम लागतात. कागद नसतील तर वस्तू कितीही सुंदर असो, मी घेत नाही.

संग्रह केवढा वाढू शकतो हे पाहायचं असेल तर अमेरिकेतल्या सांता फे इथलं आंतरराष्ट्रीय लोककला संग्रहालय बघा. अलेक्झांडर आणि सुझन जिरार्ड या दांपत्याने त्याला लाखाहून जास्त वस्तू दिल्या. जिरार्ड स्वतः डिझायनर, त्यामुळे खेळणी आणि बाहुल्यांची अख्खी गावं त्यांनी मांडली आहेत.

आजची वस्तू घेताना मात्र कारागिराचं नाव, गाव, साहित्य आणि वर्ष विचारून तिथल्या तिथे लिहून घ्या, आणि त्यांची परवानगी घेऊन कामाचा फोटोही काढा. जुन्या वस्तूंच्या बाबतीत ही माहिती बहुतेक वेळा कायमची गेलेली असते.