सहा दिवस आणि महास्फोट

प्रश्न : माझी मुलगी भौतिकशास्त्र शिकते. विश्वाची सुरुवात महास्फोटातून (बिग बँग) झाली हे खरं, म्हणजे बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकात देवाने जग घडवलं ते सहा दिवस खोटे, असं म्हणते. तिला काय सांगू?

उत्तर : ताई, विश्व प्रसरण पावतंय, हा महास्फोटाच्या सिद्धान्ताचा पाया १९२७ मध्ये मांडणारे जॉर्ज लमेत्र स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते, हे आधी सांगा. १९५१ साली पोप पायस बारावे यांना या विज्ञानात निर्मितीची साक्ष दिसली, तेव्हा लमेत्रच अस्वस्थ झाले. सिद्धान्त आणि श्रद्धा यांची सरमिसळ त्यांना नको होती. मलाही नको. देवाला प्रयोगशाळेत सिद्ध करू पाहणाऱ्या भाविकांची मला नास्तिकांपेक्षा जास्त धास्ती वाटते! आणि ‘उत्पत्ती’तले ते दिवस आपल्या नेहमीच्या दिवसांसारखे नसावेत, असं संत ऑगस्टीननेही पाचव्या शतकात लिहिलंय. तेव्हा दुर्बीण कुठे होती?