रंगाआधी स्वभाव ठरवा
माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या संगणक-खेळासाठी सातपुड्यातला वन पिंगळा (एक छोटे घुबड) घडवण्याचा तुमचा विचार मला मनापासून आवडला; १८८४ नंतर खात्रीने न दिसलेला हा पक्षी १९९७ मध्ये आपल्या शहाद्याजवळच पुन्हा सापडला. मात्र रंगकामाआधी त्याचा स्वभाव लिहून काढा. बहुतेक घुबडांप्रमाणे त्याला रात्री उडवू नका, कारण तो मुख्यतः दिवसा वावरतो, उघड्या फांदीवर बसून सरडे, उंदीर टिपतो आणि झाडाच्या ढोलीत घरटे करतो. म्हणून तो विरळ झाडीच्या प्रदेशात, दिवसाउजेडीच प्रकट होऊ द्या. ब्लॉकबेंच या मॉडेल बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये १६ एकके म्हणजे एक ठोकळा, म्हणजेच खेळातला एक मीटर, आणि हा पक्षी जेमतेम २३ सेंटिमीटरचा, तेव्हा मॉडेल चार-पाच एककांपेक्षा उंच नको. मारल्यावर मौल्यवान वस्तू तर मुळीच देऊ नका, नाहीतर खेळाडू त्याची शिकारच करत सुटतील.