आरएनएने जनुक चालू करून मोठ्या आतड्याचा कॅन्सर बरा होतो का?

तुम्ही विचारलंय की आरएनएने (डीएनएसारख्याच साखळीदार रेणूने) जनुक चालू करण्याचा उपचार वडिलांना आज मिळेल का, आणि त्याची वाट पाहत किमो लांबवावी का. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी असं मंजूर औषध आज नाही. कृपा करून किमो लांबवू नका.

कल्पना मात्र खरी आहे. सुमारे 21 अक्षरांचा दुहेरी आरएनए जनुक गप्प करतो, हे आधीच माहीत होतं. 2006 मध्ये कॅलिफोर्नियातल्या लाँग-चेंग ली आणि सहकाऱ्यांनी उलटं दाखवलं: तसाच तुकडा जनुकाच्या प्रमोटरला, म्हणजे जनुक जिथून सुरू होतं त्या भागाला, जुळवून बनवला, तर जनुक जास्त जोमाने चालतं. आर्गोनॉट-2 हे प्रथिन तुकड्याला धरून केंद्रकात प्रमोटरपाशी पोचतं आणि तिथे जनुकाची नक्कल काढणारी यंत्रणा गोळा होते.

मेख अशी, की याने जनुक दुरुस्त होत नाही, त्याचं काम फक्त वाढतं. या कॅन्सरच्या बहुतेक गाठींत एपीसी हे गाठ रोखणारं जनुकच मोडलेलं असतं. ते कितीही चालवलं तरी अर्धवट प्रथिनच जास्त बनणार. म्हणून संशोधकांनी पी21 निवडलं, आणि मला ती निवड फार विचारपूर्वक केलेली वाटते. पेशींचं विभाजन रोखणारं हे जनुक सहसा शाबूत असतं, पण त्याला चालना देणारं पी53 निम्म्याहून अधिक गाठींत बिघडलेलं असतं. आरएनए पी53 ला वगळून थेट पी21 जागं करतो. प्रयोगशाळेतल्या पेशींत आणि उंदरांत त्यामुळे गाठीची वाढ मंदावली आहे.

घोडं अडतं ते औषध पोचवण्यात. नुसता आरएनए रक्तात टिकत नाही, आणि लिपिडच्या (चरबीसारख्या पदार्थाच्या) अतिसूक्ष्म नॅनोकणांत घालून शिरेतून दिला की त्यातला बराचसा यकृतातच जातो. माणसांवरची या पद्धतीची पहिली चाचणी 2016 मध्ये यकृताच्या कॅन्सरवर सुरू झाली, यात नवल नाही. पी21 चं औषध मूत्राशयाच्या कॅन्सरवर तपासलं जातंय. तिथे ते नळीने थेट आत सोडता येतं.

आज उपयोगी पडेल असा प्रश्न डॉक्टरांना विचारा: गाठीची एमएसआय तपासणी (पेशींची डीएनए-दुरुस्ती बिघडली आहे का ते सांगणारी) झाली आहे का? ती 'हाय' आली आणि आजार पसरलेला असेल, तर पेम्ब्रोलिझुमॅब ही इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणारं औषध, अमेरिकेत 2020 पासून पहिला उपचार म्हणूनही मंजूर आहे. केआरएएस, एनआरएएस आणि बीआरएएफ या जनुकांच्या तपासणीचे अहवालही मागून घ्या.