नागपूरच्या उन्हाळ्यात डेस्कटॉप फार तापतो आणि पंखा घोंगावतो, काय करावं?

आधी प्रोसेसरच्या हीटसिंकमधली (त्याची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांमधली) धूळ काढा आणि वाळलेली थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधला उष्णता वाहून नेणारा लेप) बदला; बहुतेक वेळा ताप आणि आवाज दोन्ही तिथेच उतरतात. दुरुस्तीला येणाऱ्या मशीनचा पंखा काढला की खाली पट्ट्यांमध्ये धुळीची अख्खी गादी बसलेली असते. हवा जातच नाही, म्हणून पंखा पूर्ण वेगाने ओरडतो. ब्लोअर मारताना पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर बेअरिंग जातं. पेस्ट वाटाण्याएवढी पुरे. कॅबिनेटमध्ये 80 ऐवजी 120 मिलिमीटरचा पंखा बसत असेल तर तोच घ्या, कमी फेऱ्यांत तेवढीच हवा देतो. मात्र मे महिन्यात खोलीच 40 अंशांवर असेल तर प्रोसेसर त्याखाली येणार नाही. आणि कूलरचा ओला झोत थेट कॅबिनेटवर कधीच घेऊ नका!