ताजा कलमातले खरे कारण

पत्र : ताई, मी इंदिरानगरमध्ये राहते, वय ४७. जॉगिंग ट्रॅकवर रोज सोबत चालणाऱ्या मैत्रिणीच्या आग्रहाखातर गेल्या महिन्यात कॉलेज रोडवरील झुंबाच्या क्लासला गेले. समोर भिंतभर आरसा आणि सगळ्या उजवीकडे गेल्या की मी डावीकडे. तिसरे गाणे तेवढे छान जमले, बाकी फजितीच झाली. दोन दिवसांत क्लास सोडला. फी मात्र मैत्रिणीने दोघींची भरली आहे. आता कधी पाहुणे, कधी पाठदुखी अशी कारणे सांगते, फिरायलाही जात नाही. ती दुखावली आहे.
ता. क. उड्या मारताना मला थोडी लघवी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळपासून पाणी न पिता गेले, तरी तेच. दोन्ही बाळंतपणे नॉर्मल.
– मागच्या रांगेतील

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र पावलांच्या गोंधळाने भरले आहे आणि क्लास सोडण्याचे खरे कारण ताजा कलमात दडले आहे, म्हणून उत्तराची सुरुवात मी तिथूनच करते. खोकताना, शिंकताना, खळखळून हसताना किंवा उडी मारताना पोटातला दाब एकदम वाढतो. तो दाब मूत्राशयावर पडला की मूत्रमार्ग घट्ट मिटून ठेवण्याचे काम ओटीपोटाच्या तळाशी झोळीसारख्या पसरलेल्या स्नायूंना करावे लागते. बाळंतपणात हे स्नायू ताणले जातात आणि पाळी जाण्याच्या सुमारास त्यांची ताकद आणखी कमी होऊ शकते. डॉक्टर याला स्ट्रेस इन्कॉन्टिनन्स म्हणतात. त्यातला ‘स्ट्रेस’ मनावरचा ताण नसून पोटातला दाब आहे, हे सांगायला हवे, कारण हा शब्द ऐकून अनेक जणी आपण उगाच घाबरतो अशी स्वतःचीच समजूत काढतात. दोन मुलांच्या आईला असे होणे मुळीच दुर्मिळ नाही. फक्त हळदीकुंकवाला आपण त्यावर बोलत नाही.

पाणी तोडण्याचा उपाय मात्र आजच सोडा. पाणी कमी प्यायल्याने लघवी दाट होते, दाट लघवीने मूत्राशय अधिक चुरचुरते आणि घाम गाळणाऱ्या व्यायामात चक्कर येण्याचा धोका वाढतो तो वेगळाच. नेहमीइतके पाणी प्या आणि क्लासला निघण्यापूर्वी लघवीला जाऊन या, इतके पुरे.

यावरचा पहिला उपचार औषध किंवा शस्त्रक्रिया नसून व्यायामच आहे. अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये मांडलेले हे व्यायाम आजही त्यांच्याच नावाने ओळखले जातात. गॅस अडवताना जे स्नायू आपण आत ओढतो तेच आवळायचे, काही सेकंद धरायचे आणि तितकाच वेळ पूर्ण सैल सोडायचे, असे एका वेळी आठदा, दिवसातून तीनदा करायचे असते. श्वास रोखू नका, मांड्या आणि नितंब आवळू नका आणि लघवी करताना मध्येच धार थांबवून सराव करू नका. निदान तीन महिने नेम टिकवल्याशिवाय फरकाचा हिशेब मांडू नये. पुष्कळ जणी नेमका चुकीचा स्नायू आवळतात, म्हणून एकदा फिजिओथेरपिस्टकडून ते तपासून घेतलेले चांगले. लघवीला जळजळ होत असेल, रक्त दिसत असेल किंवा काहीतरी खाली उतरल्यासारखे वाटत असेल, तर मात्र आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावे.

आता झुंबा. कोलंबियातील काली शहरात अल्बर्टो पेरेझ हा नृत्यशिक्षक एकदा एरोबिक्सच्या कॅसेट घरी विसरला आणि जवळच्या साल्सा-मेरेंगेच्या कॅसेट लावून त्याने वेळ निभावून नेली, अशी या प्रकाराची जन्मकथा सांगतात. तेव्हा त्यात गोंधळायला कोणी लाजू नये. गाण्याचे धृपद परत आले की बहुधा तीच पावलेही परत येतात. हातांकडे दुर्लक्ष करून फक्त पावले पाहिलीत तर दोन-तीन आठवड्यांत अंदाज येईल. उडीच्या जागी एक पाय जमिनीवर ठेवून जागच्या जागी चाललात तरी व्यायाम होतोच. शिकवणाऱ्या ताईंना ‘मी उड्या मारणार नाही’ एवढे सांगा, कारण त्या विचारणार नाहीत. आणखी एक, फिरायचे खोल खाचांचे बूट तिथे वापरू नका. वळताना पाय फरशीला चिकटतो आणि पीळ गुडघ्याला बसतो.

केवळ तब्येतीसाठी क्लासला गेलेच पाहिजे असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली आठवड्याची किमान १५० मिनिटे आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास भरभर चालून ट्रॅकवरही भरतात. तुम्ही परत जावे असे मला वाटते ते त्या तिसऱ्या गाण्यामुळे.

मैत्रिणीला मात्र काहीतरी सांगावेच लागेल, कारण खोट्या पाहुण्यांची यादी वाढेल तशी ती आपल्याच आग्रहाला दोष देत राहील. सगळे उघड करणे जड वाटत असेल, तर ‘मला बायकांचा एक त्रास आहे, त्यात उड्या चालत नाहीत, आणि हे तुला सांगायला मी लाजत होते’ एवढे एक वाक्यही पुरेल. समोरासमोर बसून बोलणे अवघड जाते. तुम्हा दोघींना शेजारी चालत बोलायची सवय आहे, म्हणून उद्या ट्रॅकवरच दुसऱ्या फेरीला विषय काढा. आपल्या वाट्याची फीसुद्धा, क्लासला जा अथवा न जा, सोबत घेऊन जा.